कथेची मोकळीक आणि विधीचे बंधन : प्राचीन ग्रीकांचा नित्यधर्म व त्यांचे साहित्य

१

ग्रीक देवदेवतांशी मराठी वाचकाचा परिचय प्रायः दोन वाटांनी झालेला आहे. एक वाट पुराणकथांच्या संक्षेपांची. तीत झ्यूसची प्रेमप्रकरणे, हेराचा मत्सर, अथीनाचा पित्याच्या मस्तकातून झालेला जन्म अशा कथा एकामागून एक येतात आणि देवकुळाची वंशावळ पाठ झाली की ग्रीक धर्म समजला असे वाटू लागते. दुसरी वाट शोकात्मिकेची. पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे सॉफोक्लीज मराठीत आला आणि गो. वि. करंदीकरांच्या ‘अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’मुळे शोकात्मिकेची मीमांसा अभ्यासकांच्या हाती आली. परंतु अ‍ॅरिस्टॉटलचे लक्ष कथानकाच्या बांधणीवर होते. नाटकाच्या उगमाचा ओझरता उल्लेख सोडला, तर ज्या डायोनायससच्या उत्सवात ही नाटके सादर होत त्या उत्सवाविषयी तो जवळजवळ मौन पाळतो. दोन्ही वाटांनी आलेल्या वाचकाला देव भेटतात ते कथेतील पात्रे म्हणून. सकाळी चूल पेटवणाऱ्या, प्रवासाला निघताना दाराशी थांबणाऱ्या, घरातील मृत्यूनंतर सुतक पाळणाऱ्या ग्रीक माणसाचे देव त्याला भेटत नाहीत.

यातून दोन गैरसमज रूढ झाले. पुराणकथा म्हणजेच ग्रीकांचा धर्म, हा पहिला. दुसरा असा, की ज्यांनी आपल्या देवांना चोर, व्यभिचारी आणि भित्रे म्हणून रंगवले, त्यांची धर्मावर फारशी निष्ठा नसावी. हे दोन्ही समज एकाच चुकीतून निघतात. ग्रीकांच्या धर्मजीवनात कथा आणि विधी यांना सारखे स्थान नव्हते. कथा बदलता येत असे. कवी ती आपापल्या परीने सांगे आणि एकाच घटनेची दोन परस्परविरोधी रूपे शेजारी शेजारी नांदत. विधी मात्र पूर्वजांनी घालून दिल्याप्रमाणेच करावयाचा असे. ग्रीक साहित्याचे बरेचसे सामर्थ्य या मोकळ्या कथेच्या आणि बांधलेल्या विधीच्या ताणातून आलेले आहे. हा ताण ध्यानात न घेता केलेले वाचन त्या साहित्याचा निम्मा अर्थ गमावते.

आज ‘धर्म’ या शब्दाने जे सारे एकत्र कळते त्याला नेमका प्रतिशब्द ग्रीक भाषेत नव्हता. सर्वांना बंधनकारक असा धर्मग्रंथ नव्हता. पुरोहित होते, पण त्यांचा स्वतंत्र वर्ग नव्हता. काही पौरोहित्ये विशिष्ट कुळांकडे चालत, काहींवर चिठ्ठ्या टाकून नेमणूक होई. देव मानणे या अर्थी वापरले जाणारे ‘नोमिझेइन’ हे क्रियापद ‘नोमोस’, म्हणजे रूढी, या शब्दापासून आलेले आहे. देव मानणे म्हणजे रूढीप्रमाणे त्यांचे देणे देणे, ही छटा त्या क्रियापदात आहे.

होमर आणि हेसिअड यांनी ग्रीकांना देवांची वंशावळ दिली, त्यांना उपाधी, मान व रूपे दिली, असे हिरोडोटसने म्हटले आहे. कवींनीच ग्रीक धर्म निर्माण केला हे सिद्ध करण्यासाठी हे विधान वारंवार पुढे केले जाते. परंतु हिरोडोटस बोलतो आहे तो वंशावळी, रूपे आणि उपाधी यांविषयी. उत्सव आणि मिरवणुका यांचा उगम सांगण्याची वेळ येते तेव्हा त्याच ग्रंथभागात तो कवींकडे वळत नाही. ग्रीक त्या इजिप्तकडून शिकले असे म्हणतो. त्याचे हे इतिहासकथन ग्राह्य धरावे की नाही, हा प्रश्न वेगळा. कवींचे कार्यक्षेत्र कोणते आणि कोणते नव्हे, याची जाणीव मात्र त्याच्या विवेचनात स्पष्ट आहे.

२

ग्रीकांच्या नित्यधर्माचा प्रारंभ घरातून होतो, आणि तेथेच कथासंग्रहांचे अपुरेपण प्रथम जाणवते. हेस्टिया हे देवतेचे नाव आणि घरातील चुलीला असलेला शब्द हे एकच. नवजात बालकाला जन्मानंतर काही दिवसांनी या चुलीभोवती फिरवून आणत आणि मगच ते घरचे होई. नवी वधू आणि नवा विकत घेतलेला दास या दोघांवरही चुलीपाशी सुके अंजीर आणि कवचीची फळे उधळून त्यांना घरात घेत. इतके ज्या देवतेचे सान्निध्य, तिच्याविषयी सांगण्याजोगी कथा मात्र जवळजवळ नाही. होमरच्या महाकाव्यांत ती पात्र म्हणून कोठेही येत नाही. जी रोजच्या जीवनात सर्वांत जवळची, ती कथेत सर्वांत अंधुक!

झ्यूसचीही तीच गोष्ट. कथांतील झ्यूस मेघांवर राज्य करतो आणि वज्र फेकतो. घरातला झ्यूस ‘क्टेसिओस’ होता. कोठाराचा, साठवलेल्या मालमत्तेचा तो रक्षक. लोकरीच्या पट्ट्यांनी सजवलेले एक मडके हीच त्याची स्थापना. अंगणातील वेदीवर तो ‘हेर्केइओस’, म्हणजे कुंपणाचा राखणदार. दाराशी हर्मीसचा चौकोनी स्तंभ असे. त्याला कोरलेले मस्तक आणि लिंग एवढेच अवयव. तिवाट्यावर हेकेटीसाठी महिन्याच्या अखेरीस अन्न ठेवत. अथेन्समध्ये आर्खोन या पदासाठी निवडलेल्या नागरिकाची छाननी होई तेव्हा त्याच्या मातापित्यांची नावे विचारल्यावर, तुझ्या घरचा अपोलो पात्रोओस आणि झ्यूस हेर्केइओस कोठे आहेत, असा प्रश्न होई, असे अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ‘अथेन्सचे संविधान’ या ग्रंथात नमूद आहे. त्यानंतर कुळाच्या थडग्यांची चौकशी होई, मातापित्यांना नीट वागवतोस ना, हे विचारले जाई. उमेदवार देवांविषयी काय मानतो, असा प्रश्न त्या यादीत नाही. देव कोठे आहेत, एवढेच विचारले जाते.

ही पार्श्वभूमी असली म्हणजे ओळखीच्या साहित्यकृतीतील साधे वाक्यही वेगळे ऐकू येते. एस्किलसच्या ‘अ‍ॅगॅमेम्नॉन’ या नाटकात (इ. स. पू. ४५८) ट्रॉयची राजकन्या कॅसांड्रा युद्धातील लूट म्हणून रथात बसून आली आहे. क्लायटेम्नेस्ट्रा तिला आत बोलावते, आणि इतर दासदासींबरोबर झ्यूस क्टेसिओसच्या वेदीजवळ उभी राहून शुद्धिजलात वाटेकरी हो, असे सांगते. केवळ कथा वाचणाऱ्याला हे शब्द औपचारिक वाटतील. प्रेक्षकाला मात्र त्यांत नव्या दासीला घरात घेण्याचा ओळखीचा विधी दिसत होता. क्टेसिओस हा मालमत्तेचा देव आणि कॅसांड्रा आता मालमत्ता आहे. आत ज्या वेदीपाशी तिला उभे राहावयाचे आहे तेथे कोणाचा बळी पडणार, हे तिला ठाऊक आहे आणि प्रेक्षकालाही कळू लागले आहे. घरगुती आचाराचे शब्द हत्येच्या आमंत्रणासाठी वापरले जातात. या प्रसंगाची भयानकता कोठाराच्या कोपऱ्यातील त्या मडक्याशी बांधलेली आहे.

‘ओडिसी’च्या बाविसाव्या सर्गातही असाच एक क्षण आहे. वधूच्या उमेदवारांची कत्तल चालू असताना गायक फेमिओस दाराशी उभा राहून विचार करतो : अंगणातील झ्यूस हेर्केइओसच्या वेदीचा आश्रय घ्यावा, की ओडिस्यूसचे पाय धरावे? तो पाय धरतो. ट्रॉयचा वृद्ध राजा प्रायम आपल्या घरच्या याच देवाच्या वेदीपाशी मारला गेला, ही कथा ग्रीकांना परिचित होती. वेदीने आश्रय द्यावा हा विधीचा नियम. तो मोडल्याची कथा सांगणे हे कवीचे काम. नियम श्रोत्याच्या अंगणात रोज उभा नसता, तर तो मोडल्याचा धक्काही बसला नसता.

३

विधींमध्ये पशुबळी हा सर्वांत महत्त्वाचा. तो उत्सवाच्या दिवशी नगरासाठी होई, तसाच घरच्या प्रसंगीही होई. मांडीची हाडे चरबीत गुंडाळून वेदीवर जाळत, त्यांचा धूर देवांकडे जाई. मांस उपस्थितांत वाटले जाई. या विचित्र वाटणीचे कारण हेसिअडने ‘देवोत्पत्ती’मध्ये प्रोमिथिअसच्या कथेतून दिले आहे. त्याने बैलाचे दोन वाटे केले. एकात पोटाच्या कातड्याखाली मांस दडवले, दुसऱ्यात चकचकीत चरबीखाली हाडे. झ्यूसने हाडांचा वाटा घेतला. आपण फसवले जात आहोत हे झ्यूसने ओळखले होते, असेही हेसिअड सांगून ठेवतो. देव फसला असे म्हणणे त्याला प्रशस्त वाटत नाही आणि वाटणी तर तशीच चालत आलेली आहे. कथेने स्वतःला मुरड घातली आहे. विधी जागचा हललेला नाही.

भारतीय वाचकाला येथे नैवेद्य आणि प्रसाद यांची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण हे साम्य जपून वापरावे लागते. प्रसाद म्हणजे देवाने स्वीकारून परत दिलेले अन्न. ग्रीक बळीत देवाचा वाटा वेगळा आणि माणसाचा वेगळा. झाँ-पिएर व्हेर्नां आणि मार्सेल देतिएन यांनी संपादित केलेल्या, इ. स. १९७९ मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या भेदावरच बोट ठेवलेले आहे. मांस खावे लागते म्हणजेच भूक लागते आणि मरण येते. धुरावर तृप्त होणारे ते अमर. प्रत्येक बळी माणसाला त्याची जागा दाखवून देतो, असा हा विचार आहे. ग्रीक देव मानवसदृश आहेत असे आपण म्हणतो तेव्हा ही रोजची सीमारेषा विसरली जाते.

होमरने बळीची दोन चित्रे दिली आहेत. तिसऱ्या सर्गात नेस्टॉर राजाने अथीनासाठी दिलेल्या बळीच्या कालवडीची शिंगे सोनाराकडून मढवून घेतली जातात. चौदाव्या सर्गात डुकरे राखणारा दास युमेअस अनोळखी पाहुण्यासाठी डुक्कर मारतो. तो चुलीशी उभा राहून आधी देवांना देतो, मग मांसाचे सात वाटे करून एक वनदेवतांसाठी आणि हर्मीससाठी बाजूला काढतो. पाठीचा मानाचा तुकडा तो भिकाऱ्याच्या वेशातील पाहुण्याला देतो. तो पाहुणा म्हणजे त्याचा धनीच आहे, हे त्याला माहीत नाही. नेस्टॉरच्या सोन्यापेक्षा युमेअसचा हा सात वाट्यांचा हिशेब ग्रीकांच्या नित्यधर्माची अधिक खरी साक्ष देतो. नियमाप्रमाणे वाटणी करता करता दासाने आपल्या धन्याला त्याचा मान नकळत परत दिला आहे.

४

कथा आणि विधी यांचा संबंध सर्वांत सूक्ष्मपणे दिसतो तो युरिपिडीजच्या ‘अल्केस्टिस’मध्ये (इ. स. पू. ४३८). फेरायचा राजा अ‍ॅडमेटस याच्याऐवजी दुसरे कोणी मरण्यास तयार झाले तर तो वाचेल, असा वर अपोलोने मिळवून दिला आहे. वृद्ध आईबाप नकार देतात आणि पत्नी अल्केस्टिस तयार होते. कथा एवढीच, लोककथेत शोभणारी. युरिपिडीजने तिच्याभोवती मृत्यूच्या घरातील सारे आचार रचले आहेत.

नाटक सुरू होते तेच अपोलो घर सोडून निघालेला असताना. अल्केस्टिस आज मरणार आहे, आणि मृत्यूचा विटाळ होऊ नये म्हणून देवाला या प्रिय घरातून बाहेर पडावे लागते. सुतकाचा नियम देवालाही चुकत नाही. याच नाटककाराच्या ‘हिपॉलिटस’मध्ये (इ. स. पू. ४२८) आर्टेमिस आपल्या लाडक्या भक्ताला शेवटच्या श्वासाआधी याच कारणाने सोडून जाते. आधुनिक वाचक या निघून जाण्याला देवतेची निष्ठुरता म्हणतो, आणि नाटकात तो अर्थ आहेही. परंतु प्रेक्षक प्रथम ओळखतो तो नियम, आणि निष्ठुरता जाणवते ती त्या नियमातून.

पुढे वृद्धांचा गायकवृंद येतो. राणी गेली की अजून आहे, हे त्यांना कळत नाही. ते आत जाऊन विचारत नाहीत, दाराकडे पाहतात. मृत्यू झालेल्या घराच्या दाराशी शुद्धीसाठी झऱ्याचे पाणी ठेवण्याची रीत होती, ते पाणी येथे नाही. शोकात कापलेले केस उंबरठ्यावर दिसत नाहीत. रडणे ऐकू येत नाही. म्हणजे ती अजून जिवंत असावी. एका भांड्याच्या अभावावर हा सारा प्रवेश उभा आहे.

मग दासी येऊन आतले वर्तमान सांगते. शेवटचा दिवस आला हे कळताच अल्केस्टिसने नदीच्या पाण्याने स्नान केले, वस्त्रालंकार घातले आणि चुलीपुढे उभे राहून घरच्या देवतेपाशी आपल्या मुलांसाठी मागणे मागितले : मुलाला प्रेमळ पत्नी मिळो, मुलीला थोर पती. नंतर घरातील एकेका वेदीपाशी जाऊन तिने मर्टलच्या डहाळ्यांनी ती सजवली. या सर्व वेळी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. विवाहशय्येपाशी आल्यावर मात्र ती कोसळली. दासीचे हे निवेदन युरिपिडीजच्या उत्कृष्ट लेखनात गणावे असे आहे. विधी चालू आहेत तोवर ती सावरलेली आहे, आणि ते संपले की दुःखाला वाट मिळते. वधू म्हणून ज्या चुलीपाशी ती या घरात आली, तिथूनच ती घराचा निरोप घेते. हेस्टियाविषयी कथा नाहीत असे वर म्हटले. त्या देवतेचे चरित्र शोधावयाचे असेल तर ते अशा ठिकाणी शोधावे लागते.

उत्तरार्धात हेराक्लीज पाहुणा म्हणून येतो. अ‍ॅडमेटस पत्नीचा मृत्यू लपवून त्याला ठेवून घेतो. अतिथी आणि सुतक ही दोन बंधने एकाच घरात समोरासमोर येतात. हेराक्लीज माळ घालून मद्य पीत गातो आणि दास संतापतो. सत्य कळल्यावर हेराक्लीज थडग्यापाशी मृत्यूशी झुंज देऊन एका बुरखा घेतलेल्या स्त्रीला घेऊन येतो. ती अल्केस्टिसच असते, पण बोलत नाही. तिसरा दिवस उजाडून अधोलोकीच्या देवांचे तिच्यावरील स्वामित्व शुद्धीने उतरेपर्यंत तिचा आवाज ऐकता येणार नाही, असे हेराक्लीज सांगतो. या मौनावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. कोणी त्यात पतीविषयीचा मूक निषेध पाहिला, कोणी रंगमंचावरील नटांच्या मर्यादित संख्येचे कारण दिले. हे अर्थ टाकून देण्याचे कारण नाही, पण नाटकाने स्वतः दिलेले कारण विधीचे आहे आणि ते सर्वांत खोल जाते. कथेत मृत्यू टळू शकतो. एखादा वीर येतो आणि हरवलेले परत मिळते. विधी मात्र त्या चमत्कारालाही तीन दिवस थांबवतो. आनंदाने संपणाऱ्या या नाटकाच्या शेवटी जे अस्वस्थपण उरते ते या थांबण्यात आहे.

५

या नित्यधर्मात स्त्रियांचा वाटा मोठा होता. अथेन्सच्या राज्यकारभारात ज्यांना स्थान नव्हते त्यांना देवकार्यात होते. अ‍ॅरिस्टोफेनीसच्या ‘लायसिस्ट्राटा’मध्ये (इ. स. पू. ४११) स्त्रियांचा गायकवृंद नगराला उपदेश करण्याचा आपला हक्क सांगताना राजकीय युक्तिवाद करीत नाही. सातव्या वर्षी अथीनाच्या सेवेत, दहाव्या वर्षी देवतेसाठी धान्य दळण्याला, पुढे ब्राउरोन येथे आर्टेमिसची ‘अस्वली’, आणि मग मिरवणुकीत पवित्र टोपली वाहणारी कन्या, अशी सेवेची यादी त्या देतात. नगराने आपल्याला असे वाढवले, म्हणून नगराला चार हिताचे शब्द सांगणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांचे म्हणणे. विनोदी नाटकातला हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

युरिपिडीजच्या ‘ऑलिसमधील इफिजिनिया’हून वेगळ्या असलेल्या ‘टॉरिसमधील इफिजिनिया’ या नाटकाच्या अखेरीस अथीना सांगते की इफिजिनिया ब्राउरोनला आर्टेमिसची सेवा करील आणि बाळंतपणात मरण पावलेल्या स्त्रियांची वस्त्रे तिला वाहिली जातील. या विधीला अन्य पुरावा तुटपुंजा आहे आणि तो कवीच्या कल्पनेतला असावा अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. परंतु ब्राउरोनच्या आर्टेमिसला स्त्रिया वस्त्रे वाहत, हे इ. स. पू. चौथ्या शतकातील शिलालेखांवरून निश्चित कळते. त्या याद्यांत वाहणाऱ्या स्त्रियांची नावे आहेत. काही वस्त्रांपुढे ती अर्धवट विणलेली असल्याची, तर काहींपुढे ती जीर्ण झाल्याची नोंद आहे. अर्धवट विणलेल्या वस्त्रामागे काय घडले असेल, हे यादी सांगत नाही. कवीची कल्पना अशा मौनाच्या जागी शिरते.

‘आयॉन’ नाटकात अथेन्सहून आलेल्या दासी डेल्फीच्या मंदिरावरील शिल्पे पाहत हिंडतात. हेराक्लीज आणि अनेक मस्तकांचा सर्प यांच्या शेजारचा वीर त्या ओळखतात, कारण त्याची गोष्ट त्यांनी विणकाम करताना ऐकलेली आहे. पुराणकथा दासींपर्यंत पोहोचली ती मागापाशी, कामाच्या सोबतीने. याच नाटकात आयॉन हा मंदिराचा तरुण सेवक पहाटे लॉरेलच्या डहाळ्यांनी अंगण झाडतो आणि पुढे त्याच देवाला त्याच्या वर्तनाबद्दल खडे बोल सुनावतो. अपोलोवर टीका करणाऱ्याच्या हातचा झाडू सुटत नाही. ग्रीक धर्मवृत्तीचे याहून नेमके चित्र मिळणे कठीण.

६

कथेची मोकळीक किती होती हे विनोदी नाटकांवरून दिसते. ‘बेडूक’ हे नाटक (इ. स. पू. ४०५) डायोनायससच्याच उत्सवात झाले, आणि त्यात डायोनायसस भित्रा व विदूषकी दाखवला आहे. पाताळातील राक्षसीची चाहूल लागताच तो पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्याच पुरोहिताला वाचवण्याची विनवणी करतो. याबद्दल कोणी अ‍ॅरिस्टोफेनीसला न्यायासनापुढे खेचले नाही. त्याच्या कितीतरी आधी झेनोफॅनीसने होमर आणि हेसिअड यांच्यावर, देवांना चोरी, व्यभिचार आणि फसवणूक चिकटवल्याचा उघड ठपका ठेवला होता.

विधीला हात लागला की चित्र पालटते. एस्किलसवर संकट आले ते देवांची निंदा केल्यामुळे नव्हे, तर एल्यूसिसच्या गुप्त दीक्षाविधीतील काही उघड केल्याच्या आरोपामुळे, अशी परंपरा आहे. ते गुप्त आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, या त्याच्या बचावाचा निर्देश अ‍ॅरिस्टॉटलने केला आहे. इ. स. पू. ४१५ मध्ये, सिसिलीच्या मोहिमेवर आरमार निघण्याच्या सुमारास, एका रात्री अथेन्समधील हर्मीसच्या स्तंभांची विटंबना झाली. चौकशीत खाजगी घरांतून एल्यूसिसच्या विधींची नक्कल झाल्याचेही आरोप पुढे आले. नगर हादरले, मृत्युदंड झाले, मालमत्ता जप्त होऊन विकल्या गेल्या. ज्या नगराने रंगमंचावर देवाची फजिती पाहून टाळ्या वाजवल्या, तेच नगर दाराशी उभ्या असलेल्या दगडी स्तंभासाठी भयभीत झाले. यात विसंगती नाही. रंगमंचावरचा देव कथेतला होता, दारातला नित्यधर्मातला.

७

तरीही साहित्य हा या नित्यधर्माचा एकमेव किंवा पूर्ण साक्षीदार नव्हे. डोडोना येथील झ्यूसच्या प्रश्नस्थानी शिशाच्या पातळ पट्ट्यांवर लिहिलेले भाविकांचे प्रश्न उत्खननात सापडले. इ. स. २०१३ मध्ये असे चार हजारांहून अधिक लेख एकत्र प्रसिद्ध झाले. हरवलेल्या गाद्या-उशा बाहेरच्या कोणी चोरल्या काय, मेंढ्या पाळणे हिताचे होईल काय, पत्नीच्या पोटातील मूल आपले आहे काय, असे हे प्रश्न. कोणत्या देवाला बळी दिला आणि प्रार्थना केली तर बरे होईल, ही विचारणा पुन्हा पुन्हा येते. एपिडॉरसच्या शिलालेखांत आस्क्लेपिओसने केलेल्या उपचारांच्या नोंदी आहेत. त्यांत एका हमालाच्या हातून धन्याचा पेला फुटतो आणि देवस्थानाशी पोहोचेपर्यंत तो पिशवीत सांधला गेलेला असतो, असाही एक वृत्तान्त आहे. महाकाव्यांतील देव अशा कामासाठी खाली उतरत नाहीत. हमालाला हवा होता तो पेला जोडून देणारा देव.

थिओफ्रास्टसने ‘स्वभावचित्रे’मध्ये रंगवलेला देवभोळा माणूस याच जगातला. मुंगसासारखा एक लहान प्राणी आडवा गेला की दुसरे कोणी पुढे जाईपर्यंत किंवा स्वतः तीन खडे टाकीपर्यंत तो पाऊल उचलत नाही. उंदराने पिठाची पिशवी कुरतडली तर धर्माधिकाऱ्याकडे धावतो. चांभाराकडून शिवून घे, असे उत्तर मिळाले तरी त्याचे समाधान होत नाही, तो प्रायश्चित्त करतोच. या चित्रातला धर्माधिकारी शहाणा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लेखकाचा उपहास आचारावर नाही. प्रमाण हरवलेल्या भीतीवर आहे.

जेन हॅरिसन यांनी इ. स. १९०३ मध्ये ग्रीक धर्माच्या अभ्यासाची दिशा कथेकडून विधीकडे वळवली. त्या भरात कथा ही विधीचे केवळ उत्तरकालीन स्पष्टीकरण ठरू लागली, हे मात्र एकांगी होते. ग्रीकांचा आपल्या पुराणकथांवर विश्वास होता काय, असा प्रश्न पॉल व्हेन यांनी इ. स. १९८३ मध्ये ग्रंथाचे शीर्षक म्हणूनच विचारला. त्यांच्या विवेचनाचा रोख, विश्वासाचे प्रकार एकाहून अधिक असतात, याकडे आहे. साहित्याच्या वाचकाला या सूत्राचा उपयोग होतो. कथा मोकळी होती याचा अर्थ ती निष्प्रभ होती असा नव्हे. ती विणणाऱ्या स्त्रीला सोबत करीत होती आणि वृद्धाची झोपही उडवीत होती.

प्लेटोला हे पुरेपूर ठाऊक होते. ‘युथिफ्रो’ संवादातील युथिफ्रो स्वतःच्या पित्यावर खुनाचा खटला भरतो आणि समर्थनासाठी झ्यूसने पिता क्रोनॉसला बांधले या कथेचा आधार घेतो. कथेला आचाराचा आदर्श मानणारा हा माणूस आप्तांनाही वेडा वाटतो. अशा कथा आपल्याला पटत नाहीत म्हणूनच आपल्यावर खटला झाला असेल काय, अशी शंका तेथे सॉक्रेटीस बोलून दाखवतो. इ. स. पू. ३९९ च्या त्या खटल्यातील आरोप मात्र ‘नोमिझेइन’ याच क्रियापदात मांडलेला होता : नगर ज्या देवांना मानते त्यांना हा मानत नाही. बचाव करताना झेनोफॉन सॉक्रेटीसची मते सांगत बसत नाही; तो घरी आणि नगराच्या वेद्यांवर बळी देताना सर्वांना दिसत असे, एवढे सांगतो. युद्धात हरलेल्या अथेन्समध्ये कथा आणि विधी यांमधली सीमा डळमळीत झाली होती, आणि विचाराच्या मोकळेपणाची शिक्षा आचाराच्या भाषेत दिली गेली. येथे या दोहोंचा जुना समतोल मोडलेला दिसतो.

‘रिपब्लिक’मध्ये प्लेटो कवींच्या देवकथा गाळून टाकतो, मंदिरे आणि बळी यांचे नियम मात्र स्वतः न करता डेल्फीच्या अपोलोवर सोपवतो. त्याच ग्रंथाच्या प्रारंभी वृद्ध केफॅलस भेटतो. अंगणात नुकताच बळी देऊन तो डोक्यावर माळ घालून बसला आहे. परलोकातील शिक्षांच्या ज्या कथांना आपण पूर्वी हसत होतो त्या आता खऱ्या तर नसतील ना, या विचाराने म्हातारपणी मन अस्वस्थ होते, असे तो सांगतो. न्याय म्हणजे काय, यावर चर्चा रंगू लागताच तो हसून उठतो आणि उरलेला विधी आटोपण्यासाठी निघून जातो. त्याच्या पाठीमागे ती चर्चा दहा भाग चालते, आणि ती संपवताना प्लेटोला एक कथाच सांगावी लागते. मरून परत आलेल्या एर नावाच्या सैनिकाची ती कथा परलोकातील शिक्षांचीच आहे. केफॅलस मात्र ती ऐकायला तेथे नाही.